लिंडहोमच्या दुकानातले रॅक

शटर वर ढकललं की आधी थंडी बाहेर येते,
मग पुठ्ठ्याचा वास,
मग एल्मा ताक्कीनेनचं सगळं घर,
दहा फूट बाय दहा फुटात, एकावर एक.

डुलुथमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच.
सरोवरावरचा बर्फ अजून जागचा हललेला नाही.
घर विकून तीन आठवडे झाले
आणि तीन आठवडे एल्मा किटली शोधते आहे.
ती तळाच्या खोक्यात आहे, एवढं पक्कं.
तळाचं खोकं कुठलं, ते विचारायचं नाही.

मी शेजारचा, एकशेचौदा नंबरचा.
माझ्या खोलीत ड्रमचा संच आणि एक फुटका कयाक,
त्यामुळे मला सल्ला द्यायला भरपूर जागा.

प्लास्टिकचे रॅक तिने आधीच घेऊन पाहिले होते.
रेइनोच्या पान्यांची पेटी वर ठेवली
आणि सकाळपर्यंत रॅक पोटात गोळा आल्यासारखा वाकला.
मी म्हटलं, सिमेंटचे पोकळ ठोकळे, वर फळ्या,
याहून स्वस्त जगात काही नाही.
ती म्हणाली, ठोकळे स्वस्त आहेत रे.
गुडघे नाहीत.

मग लिंडहोमचं किराणा दुकान मोडीत निघालं.
काचेवर कागद: लोखंडी कप्पे, पाच डॉलरला एक,
स्वतः सोडवा, स्वतः न्या.
बावीस वर्षं ती तिथे गल्ल्यावर उभी होती.
पाना घेऊन आत गेली, तेव्हा
कुठला बोल्ट गंजलाय हे तिला न बघता ठाऊक होतं.

शनिवारी आम्ही ते उभे केले.
मी बॅटरी धरली, ती हुकूम सोडत होती.
खाली लाकडी पॅलेट, फरशीला ओल सुटते.
भिंतीपासून चार बोटं लांब, हवा खेळू दे.
जड ते खाली. हलकं ते वर.
मधे वाट ठेव, माणूस आडवा न होता आत जाईल एवढी.
कप्प्यांच्या कडेला किमतींच्या पट्ट्या तशाच होत्या.
मी नखाने खरवडायला गेलो,
तिने हातावर चापटी मारली.

म्हणून आता
वाटाणे, एकोणऐंशी सेंट: इथे ख्रिसमसचे दिवे.
टोमॅटो सूप: आयकराचे कागद, सात वर्षांचे.
काकडीचं लोणचं: इथे रेइनोचा रेडिओ.
त्याला काकडीचं लोणचं बघवायचं नाही.
"भोग म्हणावं," ती म्हणाली,
आणि रेडिओची तार नीट गुंडाळून ठेवली.

मीठ.
तिथे त्याचे बूट.
चामड्यावर मागच्या हिवाळ्याची पांढरी रेघ,
रस्त्यावरच्या मिठाची, वाळलेली.
पुसायचं राहिलं, असं ती म्हणाली नाही.
मीही बोललो नाही. बॅटरी जराशी खाली केली.

पाचच्या सुमाराला ड्वेन आला, जागेचा मालक,
टोपी हातात घेऊन: मेपासून भाडं नऊ डॉलरने वाढणार.
एल्माची बोटं मांडीवर गल्ल्याची बटणं दाबत राहिली.
नऊ गुणिले बारा.
बेरीज कितीची झाली, तिने सांगितलं नाही.

निघताना तिने एक गोष्ट केली.
प्रत्येक खोकं कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढलं,
चिठ्ठी समोर, एका रेषेत.
दुकान बंद करताना रोज करायचं असतं ते, म्हणाली.
माल संपत आलेला असला तरी
गिऱ्हाइकाला मागची पोकळी दिसता कामा नये.

मी शटर ओढलं. ते नेहमीसारखं अर्ध्यात अडकलं.
लाथ मारावी लागली.

किटली सापडली होती, हो.
कोटाच्या आत धरून ती गाडीपर्यंत गेली,
आणि तोटी बाहेर डोकावत होती,
थंडीत.