चालू स्थितीत

आप्पांचं पिस्तूल माझ्या नावावर व्हायला
दोन वर्षं आणि चार महिने लागले.
कलेक्टर कचेरीतल्या लेखनिकाने चष्म्यावरून बघत विचारलं,
"तुम्हाला कशाला पाहिजे, बाई?"
मी म्हटलं, "वडलांचं आहे."
त्याने लिहिलं: स्वसंरक्षण.
रकाना तेवढाच होता.

उद्यमनगरात माझं स्प्रिंगांचं वर्कशॉप.
तिथल्या काट्यावर ठेवलं तर अकराशे चाळीस ग्रॅम,
तेही रिकामं.
एवढं धूड कमरेला लावून आप्पा
दर पंधरवड्याला ऊसतोडवाल्यांचा पगार पोचवायचे,
कारखान्याच्या जीपमधून, राधानगरी रस्त्याने,
रोकडीची पेटी दोन पायांत धरून
आणि मांडीवर दुपारचा डबा.
एकोणीस वर्षं.
"एकदासुद्धा बार काढला नाही," म्हणायचे.
अभिमानाने, की आणखी कशाने,
मी विचारलं नाही.

दस्तगीर मिस्त्रीने टेबलावर जुनं धोतर अंथरलं,
एकेक भाग सुटा करत गेला,
जसा माझा कामगार बिघडलेलं मशीन उघडतो,
न बोलता, जीभ दातांत धरून.
मुठीच्या लाकडी फळ्या निघाल्या,
खाली तांबूस थर.
मला वाटलं गंज.
त्याने नखाने खरवडून वास घेतला.
"कुंकू हाय ओ."
इतक्या खंडेनवम्यांचं,
तेलात मुरून मेण झालेलं.
आई झेंडू वाहायची आणि लगेच हात धुवायची,
एवढं मला आठवतं.

मग स्प्रिंग.
मी न राहवून हातात घेतली,
वेटोळी मोजली, दाबली, सोडली.
लोकांना वाटतं, दाबून ठेवलेली स्प्रिंग दमते.
तसं नसतं.
दमते ती रोजच्या दाब-सोडीने.
नुसती दाबलेली, चांगल्या तारेची असेल
तर वर्षानुवर्षं तशीच राहते,
फार तर थोडी बसते.
आप्पाही थोडे बसलेच होते शेवटी.
"मी करून देते नवी," म्हटलं,
"तार आहे माझ्याकडे."
"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाला, "लायसन माझं हाय.
तुम्ही व्हॉल्व्हच्या करा."

आणि मग त्याने ठोकणी काढली,
उजेडाकडे धरली,
माझ्याकडे बघितलं.
टोकच नव्हतं.
"कधीपासून?"
"बघा की, तुटल्याजागी काळं पडलंय. लई वर्सं."
"तुटलीय, की कुणी कापलीय?"
त्याने भिंगातून परत पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
आणि चहा सांगितला.

म्हणजे ती जीप, ती पेटी, तो घाट,
ऊस उंच झाल्यावर दोन्हीकडून अंधारलेला तो रस्ता,
आणि कमरेला अकराशे चाळीस ग्रॅम
लोखंड.
त्यांना ठाऊक होतं का?
आईला विचारलं, तर ती शेंगा सोलत म्हणाली,
"पगार वेळेवर पोचायचा का नाही?"

"निळं नवं चढवू, का ऱ्हाऊ दे जुनं?"
मला वाटलं होतं मी नको म्हणेन.
मी म्हटलं, चढवा.
घासलेल्या खुणा माझ्याकडे आहेत,
त्यांच्या पट्ट्यावर, त्यांच्या उजव्या कमरेवर
आंघोळीच्या वेळी दिसायचा तो घट्टा.

रेंजवर पहिली गोळी खाली गेली, डावीकडे.
दुसरीही.
मनगटात तासभर मुंग्या.
तिसरीनंतर मी थांबले.
पुठ्ठ्याची भोकं बोटाने चाचपली आणि
उगाच आप्पांवर राग आला,
मग गेला.

आता निवडणूक लागली.
लक्ष्मीपुरी ठाण्यात शस्त्र जमा करायची रांग.
आप्पांच्या साऱ्या पावत्या घेऊन आले होते मी,
लोकसभा, विधानसभा, परत लोकसभा,
प्रत्येकीवर वेगळ्या हवालदाराचं एकच अक्षर:
चालू स्थितीत.
माझ्याही पावतीवर तसंच लिहिलं,
न बघता.
"आता खरंच आहे," मी म्हटलं.
"काय?"
"काही नाही."
मागचा माणूस त्याची दुनळी पुढे सरकवत होता.
बाहेर आले तर
कंबर सवयीने एका बाजूला झुकलेली,
माझी.
मी तर ते कधी लावलंच नव्हतं.