हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानात
जिवंत माणसांची रांग लागते.
दत्त नगरच्या बोळात, यंत्रमागाच्या अर्ध्या शेडमध्ये
(उरलेल्या अर्ध्यात अजून टॉवेल निघतात)
एक लॅपटॉप, एक प्रिंटर, लाल उजेडाचं अंगठ्याचं यंत्र
आणि मी.

बालामणी गुंडेटी, वय एकाहत्तर.
पेन्शन महिना अकराशे आणि वर काहीतरी चिल्लर.
अंगठा पदराला पुसते, त्यावर हाऽऽ करून वाफ सोडते,
काचेवर टेकवते.
यंत्र म्हणतं, नाही.
डावा. नाही.
मधलं बोट. तेही नाही.

पन्नास वर्षं, दिवसाला हजार.
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं.
रेषा त्या पानांवरच गेल्या असणार.
कुणीतरी ओढल्या असतील, इंडीच्या नाहीतर बार्शीच्या
बसस्टँडवर, उभ्या उभ्या.

रांगेतनं कुणीतरी ओरडतं,
"छाट झाली बे बालामणी!"
आणि सगळ्या हसतात, तीसुद्धा.
कारखान्यात मुकादम विड्या छाटायचा,
शंभरातल्या दहा तरी बाजूला.
ही सवय जुनी आहे.

मग चेहरा.
मोबाईल समोर धरतो, पडद्यावर गोल येतो,
गोलात ती.
खाली अक्षरं : पापणी मिटा.
ती मिटत नाही.
लग्नानंतर नवी पेठेतल्या स्टुडिओत
फोटोवाल्यानं दम दिला होता म्हणे,
डोळा मिटलास तर पैसे वाया.
तेव्हापासून कॅमेऱ्यासमोर ती अशी बघते
की समोरच्यानंच डोळे मिटावेत.

मी ओरडतो, मागाच्या खडखडाटात दुसरा इलाज नाही,
"कंड्लु मुय अव्वा! मुय!"
माझं तेलुगू गल्लीतलं, तिचं मराठी रेशन दुकानातलं,
एरवी एवढ्यावर भागतं.
मोबाईल मात्र दर वेळी विचारतो, भाषा निवडा.
यादीत बावीस आहेत.
आम्ही बोलतो ती नाही.

"मागल्या खेपेला सत्तेम्मा होती माझ्या पुढं,"
ती गोलातच बघत म्हणते.
"गेली चैत्रात.
पण तिच्या नावापुढं अजून हिरवा ठिपका येतो,
रात्री अकराला, बाराला."
नातू तिचाच नंबर वापरतो, मी सांगतो.
"माहीत हाय की.
तरी मी एकदा 'जेवलीस का' पाठवलं.
त्यानं अंगठा पाठवला.
पिवळा. गुबगुबीत."

आणि हे सांगताना, कुणी न सांगता,
तिची पापणी मिटते.
गोल हिरवा होतो. चक्र फिरायला लागतं.
दिल्लीत की कुठं, कुठल्याशा थंड खोलीत
कुणीतरी तिला तपासतंय.

तेवढ्यात रांगेतले सगळे मोबाईल एकदम वाजतात.
गल्ली नंबर चार, चावीवाला इरफान :
पाणी सोडलंय, पाऊण तास.
पाच दिवसांनी.

चपला, पिशव्या, काठ्या, "सरक, सरक,"
बालामणी सगळ्यांत पुढं,
एकाहत्तर वर्षांची, पदर खोचून,
आणि बोळात घागरींचा आवाज
मागाच्या आवाजावर चढतो.

दुकानात मी.
मोबाईलच्या गोलात आता भिंत, कॅलेंडर, अर्धा पंखा.
यंत्र म्हणतं, चेहरा दिसत नाही.
मग त्याचं त्यालाच आठवल्यासारखं
प्रिंटर खरखरतो, कागद ढकलतो :
सदर व्यक्ती हयात आहे.

माझा मोबाईल लॉक झालेला.
अंगठा ठेवला, उघडला, पहिल्याच फटक्यात.
कुठंही चालतो माझा अंगठा,
बँकेत, रेशनला, सिम घेताना.
जरा वेळ बघत बसलो त्याच्याकडं.

कागद खिळ्याला लावून ठेवलाय.
आज चौथा दिवस.
अजून न्यायला आली नाही.
काल भाजीवाल्याशी भांडताना दिसली,
दोन रुपयांवरनं,
आवाज पार चौकापर्यंत.