इतर : एक

चाव्या घे, नोरीन.
ही गंजलेली तळघरातल्या कपाटाची,
जरा उचलून धरून फिरवावी लागते.
आत आपल्या मतदारसंघाच्या वह्या आहेत,
एकोणीसशे चौदापासूनच्या.
अठ्ठावीसची तेवढी भिजली,
त्या वर्षी कोण निवडून आलं ते ओलीला ठाऊक.

आधी आपला क्रमांक सव्वीस होता, मग एकाहत्तर,
आता ब्याण्णव.
आकडा वाढत गेला, माणसं कमी.

सुरुवातीच्या पानांवर सगळे ट्रेगेंबो :
बाप, मग थोरला, मग थोरल्याचा मेव्हणा.
मतपेटी खाणीच्याच कचेरीत, शेगडीला लागून,
आणि मुकादम दारात उभा, नुसताच, हात शेकत.
चौतीसला फिनिश लोक सभेच्या खोलीत
रात्रभर कॉफी पीत बसले
आणि सकाळी जाऊन गुइदो बेर्तोल्दीला मत देऊन आले.
नऊशे बारा विरुद्ध सातशे चाळीस.
पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, "अखेर".
नियमात बसत नाही. खोडू नकोस.

अठ्ठेचाळीसला मतं समसमान.
डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या.
ओमेर थिबोडोनं हातमोजा न काढता एक उचलली,
वाचली, घडी करून खिशात घातली
आणि बर्फातून चालत घरी गेला.
पुढच्या खेपेला तो जिंकला, मग सोळा वर्षं बिनविरोध.
ती पानं रात्री वाचू नकोस, झोप लागेल.

सदुसष्टला खाण बंद पडली.
अडुसष्टला दोघाही उमेदवारांनी शपथेवर सांगितलं,
ती पुन्हा सुरू करू.
एकजण जिंकला.
खाणीपर्यंत निकाल पोचला नसावा.

आता जे सांगायचं होतं ते.
बत्तीसपासून प्रत्येक वहीत, शेवटच्या रकान्यात,
पाहशील : "इतर : १".
मतपत्रिकेवर एक ओळ कोरी असते ना,
ज्याला जे नाव लिहायचं ते लिहावं म्हणून?
तिथं दर वेळी तेच नाव, त्याच हातचं.
तौनो किवेला.
एकतीसच्या मार्चात तिसऱ्या पातळीवर छत खाली आलं,
अकरा गेले, दहा वर आणले.

माझ्या आधीचा कारकून नुसता आकडा लिहायचा.
मी अठ्ठावन्नला आले आणि नाव लिहायला लागले.
मेलेल्याला निवडून येता येत नाही, कबूल;
पण लिहिणारा हात जिवंत होता
आणि मी मोजत होते हात.

अक्षर मी ओळखलं होतं.
पहिल्या अक्षराचा पाय चौकटीबाहेर ओढलेला,
तस्साच पाय आइलीच्या जांभळ्या मुरंब्याच्या बरण्यांवर.
मत गुप्त असतं. नवऱ्यालाही बोलले नाही.
मुरंबा मात्र दर वर्षी घेतला, गरज नसताना.

ब्याण्णवला राजधानीत कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली.
रेघ आइलीच्या बटाट्याच्या शेतातून गेली :
गोठा आपल्याकडे, स्वयंपाकघर एक्याण्णवमध्ये.
त्या नोव्हेंबरात "इतर" शून्य.
मी पुन्हा मोजलं.
मग पेटी उलटी करून तळाशी हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कचेरीतून फोन.
"हा तौनो किवेला कोण गं?
आमच्या यादीत कुठंच सापडत नाही."
म्हटलं, आमचा जुना उमेदवार आहे,
साठ वर्षं उभा आहे.
पूर्ण नाव लिही. शेवटच्या अक्षरावर
दोन टिंबं असतात, ती विसरू नकोस.

चौऱ्याण्णवला फोन आला नाही.
मीही केला नाही.

तर ही चावी.
आणि कॉफीचं भांडं तुझंच समज,
झाकण सैल आहे, ओतताना धरावं लागतं.