कोणत्या उंचीवर

माझा भाऊ क्वेतोस्लाव जन्मभर जमिनी मोजत आला,
आता निवृत्त होऊन कंगोरे मोजतो.
ऑलोमोउत्समध्ये सातव्या मजल्यावर आमची काचबंद गॅलरी,
तिच्यात अकरा निवडुंग, खांबासारखे सरळ,
एकाच फळाच्या बियांचे,
एकाच रविवारी पेरलेले.

तरी कुणाला पाच, कुणाला सहा,
खिडकीकडच्या दांडगोबाला आठ,
आणि मागच्या कोपऱ्यातल्याला चारच.
चौकोनी तो, औषधाच्या खोक्यासारखा.
पाहुणे नेमके त्याच्याच प्रेमात पडतात.
क्वेतोस्लाव म्हणतो, दुर्मीळ कसला, उपाशी आहे.

मोजणं सोपं वाटतं.
पण गोल फिरताना सुरुवात कुठून केली
तेच विसरायला होतं.
नऊ नंबरचे मी मोजले सहा, त्याने सात,
आणि त्या वादात रात्रीचं सूप निवलं.
मग माझ्या विणकामातला लाल धागा मागून
त्याने प्रत्येकाच्या पहिल्या कंगोऱ्यावर
एकेका काट्याला बांधला.
"पहिला कुठला, हे कोण ठरवणार?"
"धागा," तो म्हणाला.

धागा बांधूनही नऊ नंबर जुळेना.
शेवटी मी चष्मा पुसला, गुडघे टेकले,
काटे चुकवत खालून वर बोट नेलं.
तळाशी सहा.
वीतभर वर, दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेत
लोकरीचा एक ठिपका, तिळाएवढा.
त्याच्यावर आणखी एक, जरा फुगीर.
आणि तिथून पुढे सातवा,
आपण पहिल्यापासून इथलेच, अशा तोऱ्यात.
बाकीच्यांनी थोडं थोडं सरकून घेतलेलं.

म्हणजे दोघंही बरोबर होतो.
याचंच क्वेतोस्लावला जास्त वाईट वाटलं.
वहीत आता दोन रकाने आहेत:
किती, आणि कोणत्या उंचीवर.

मार्चमध्ये जनगणनेची मुलगी आली,
थंडीनं नाक लाल, बगलेत टॅबलेट.
"घरात माणसं किती?"
"कोणत्या उंचीवर?" क्वेतोस्लाव सवयीनं बोलून गेला.
ती हसली नाही. तिचे अजून चार मजले बाकी होते.

मी मात्र दारात उभ्या उभ्या मोजू लागले.
तळाशी पाच, एका चुलीभोवती.
रणगाडे आले त्या वर्षी बोर्झेक सीमेपलीकडे गेला: चार.
मग वडील, मग आई, एकाच हिवाळ्यात.
झ्दिस्लावा लग्न होऊन आली, मी खोली सोडून बैठकीत झोपू लागले;
तिचा रादोवान तिळाएवढा होता,
बघता बघता दारात मावेना.
आता तो ग्दान्स्कला जहाजं रंगवतो.
झ्दिस्लावाची खुर्ची गॅलरीत आहे, तिच्यावर कुंड्या.

"दोन," मी म्हटलं.
तिनं दोन टिपलं.

तीन नंबरचा एक कंगोरा या हिवाळ्यात विरत चाललाय.
मध्येच थांबलाय; वर नुसतीच सपाट जागा,
शेजारच्यांनी अजून घेतलेली नाही.
इथेही धागा बांधू का, क्वेतोस्लाव विचारतो.
नको म्हटलं.
लोकर संपत आलीय,
आणि हातमोज्याचा अंगठा व्हायचाय.