सैल पेड

त्या सकाळी एर्नानची वेणी मी घातली.
आई गोठ्यात होती, धार संपली तरी तिथंच.
आदल्या दिवशी टेकडीवर, नऊ साक्षींपुढं,
तिनं ते वाक्य बोलून टाकलं होतं:
याला कुणी मारलं तर आम्ही मोल मागणार नाही,
ना गाय, ना रुपं, ना सूड.
आजपासून हा टोळीचा.
बोलताना आवाज कापला नाही.
घरी येऊन तिनं पाच लाकडी वाडगे मांडले,
मग एक उचलून फळीवर पालथा घातला.

एर्नान माझ्याकडं पाठ करून बसला.
एकोणीस वर्षांचा. मानेवर लव,
कानामागं चुलीच्या राखेचा डाग.
मला सांगत होता, जसं काही मला ठाऊकच नव्हतं:
कमरेइतक्या खड्ड्यात उभं राहायचं,
एक ढाल, एक हेझलची काठी,
आणि नऊ भाले एकदम.
ओरखडा उठला की संपलं.
मग रानातून धावायचं, मागं नऊ जण,
पायाखाली वाळकी काटकी मोडता कामा नये,
फांदीनं वेणी सुटता कामा नये.
"घट्ट घाल. दुखलं तरी चालेल."

माझ्या बोटांना लोणी लागलेलं होतं,
असं मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आले.

सात पेड मी असे आवळले
की त्याच्या भुवया वर चढल्या.
आठव्यात एक श्वास ठेवला.
सुईच्या नाकाएवढा.

भाले त्यानं सगळे चुकवले.
काटकी एकही मोडली नाही.
ओढ्याकाठच्या कुठल्याशा ऑल्डरनं हात लांबवला, एवढंच.
रानाबाहेर आला तेव्हा
न्हाऊन आलेल्या बाईसारखे
केस पाठभर मोकळे.
कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट.
म्होरक्या म्हणाला, "घरी जा, पोरा."

घरी तो दारात उभा राहिला
आणि आई त्याच्याकडं बघतच राहिली.
देऊन टाकलेला मुलगा परत कसा घ्यायचा
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या कात्रीनं
त्यानं केस मुळापासून कापले.

त्या वर्षी टोळीत गेलेले आता गोष्टीत राहतात.
तळ्याकाठचा डूनलांग
मांडीत भाला घेऊन शॅनन पोहून गेला;
दर हिवाळ्यात तो भाला हातभर लांब होतो.
केल्लाखच्या कुत्र्या अजून त्याच दगडाशी बसतात म्हणे.
सगळे टेकडीखाली झोपलेत,
शिंग वाजलं की उठतील.
डूनलांगची आई मीठ मागायला आमच्याकडं यायची.
शिंगाबद्दल कधी बोलली नाही.
एर्नान पीट कापत असला
की कुंपणाशी थांबून त्याचे हात बघायची,
मीठ हातातच.

गोष्ट सांगणारा गावात आला
की माझ्या भावाला मेंढ्या आठवतात.
तो उठून बाहेर जातो.
परत येतो तेव्हा सगळे मेलेले असतात
आणि लोक डोळे पुसत असतात.
नावाड्याची मुलगी त्यानं केली, तिला पुरलं.
दोन लेकी लांब दिल्या.
मला त्यानं कधीच काही विचारलं नाही.
मीही, देवाशपथ, कधी सांगितलं नाही.

या हिवाळ्यात त्याचे हात थरथरू लागले,
कात्री धरवेना, केस वाढले.
काल रात्री पीटचा विस्तव राखेत दडपला
आणि वळून बघते तर तो माझ्यापुढं
पाठ करून जमिनीवर बसलेला.
"घाल," म्हणाला.
केस कुठले, धुराचा पुंजका,
ओढून ताणून तीन पेडांपुरता.
"घट्ट?" मी विचारलं.
बराच वेळ गेला.
बाहेर एक मेंढी खोकली, तिच्याकडं त्यानं कान दिला,
कुठली ते ओळखलं असणार.
मग म्हणाला,
"तुझ्या सवयीनं घाल."