पोटावरची बारीक अक्षरं

रेसिफेतल्या त्या लॉजवर
दोना झुल्मीरा आधी पासपोर्ट मागत नाही.
म्हणते, चार्जर दाखवा.
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढते,
काळा ठोकळा उताणा करते
आणि त्याच्या पोटावरची मुंगीएवढी अक्षरं
ओठ हलवत वाचते:
शंभर ते दोनशे चाळीस.
"हा चालेल. ह्याला सगळीकडचं पचतं."

ओसाकाच्या चिनात्सूचा फोन पास झाला,
कॅमेराही.
केस सरळ करायची इस्त्री अडली.
तिच्यावर एकच आकडा. शंभर.
चिनात्सूने हसून अडॅप्टर काढला,
विमानतळावर घेतलेला, तीन गोल पायांचा, कोरा करकरीत.
बसतो, म्हणाली. अगदी घट्ट बसतो.
"बसेल की.
तो फक्त पाय बदलतो, पोरी,
भिंतीतला जोर तेवढाच राहतो."

जिन्याखालच्या सॉकेटभोवती
तळहाताएवढा काळा डाग आहे.
घराला तीनदा रंग झाला, तेवढी जागा सोडून.
रंगारी दर वेळी विचारतो.

लग्नानंतर आदाउतो रिओहून आला
तो काखेत आईचा रेडिओ घेऊन.
तिथे भिंतीत एकशे सत्तावीस, इथे दोनशे वीस.
देश एक, भाषा एक,
फुटबॉलवरून होणारी भांडणंसुद्धा तीच;
कुणाच्या मनात येणार?
मागच्या बाजूला एक कळ होती,
नखाने सरकवायची.
ती राहिली.
रेडिओ एकच शब्द बोलला, फार मोठ्याने,
मग धूर.

कुठला शब्द, यावर दोघं एकोणतीस वर्षं भांडली.
तो म्हणायचा, 'उद्या'.
ती म्हणते, छे, 'पाऊस'. हवामानाची वेळ होती ती.
मागच्या जूनपासून
तिचंच खरं धरावं लागतं.

चिनात्सूने इस्त्री टॉवेलात गुंडाळून
बॅगेच्या तळाशी ठेवली
आणि ओले केस घेऊन गच्चीवर गेली.
समुद्राच्या वाऱ्याने ते वाळले
वाटेल तसे, वाकडेतिकडे.
फोटोत तिने ते झाकले नाहीत.

खाली दार वाजलं.
नळावरून तोंड धुऊन आलेला कुणी उंच मुलगा,
हातातून पाणी ठिबकतंय, त्याच हातात प्लग.
"आधी हात पूस," झुल्मीराचा आवाज आला,
"कोरडे. बोटांच्या मधूनसुद्धा.
मग दाखव."