टक्

शहाद्याहून धडगावच्या गाडीत
कंडक्टरने माझी लांब बॅग ठोकून पाहिली.
"हाई काय शे वं बई? तंबोरा?"
नाही, रिकर्व्ह. वसतिगृहाचं.
पातीवर पांढऱ्या रंगात क्रमांक सतरा, छत्तीस पौंड.
"येनं बी अर्धं तिकीट लागी," म्हणाला.
मी दिलं.

पाड्यावर चुलीच्या वर, आडव्या वाशाला
दोहऱ्यामामाची कामठी,
दोन पावसाळे धूर प्यालेली.
बांबूची काठी, बांबूच्याच सालीची दोरी.
किती पौंड, मी विचारलं.
म्हणाला, भरल्या घागरीएवढी.
कधी अर्ध्या. दिवसावर आहे.

उतारावर भगर पिवळी पडलेली.
रोज रात्री भेकर येतं,
कणसं खुडतं, खालची माती
बदामाच्या सालींसारख्या खुरांनी टोचून जातं.
मामा म्हणाला, आज बसू.
तुला काय घ्यायचं ते घे.

रिकर्व्हला साइट आहे. अठरा, तीस, सत्तर;
पेन्सिलीच्या खुणा माझ्याच हाताच्या.
भेकर कुठल्या खुणेवर उभं राहील?
पुढे निघालेला तो दांडा मचाणाच्या कुडात अडकेल.
बाण सहा, सहाही जुळे;
एक हरवला तर अर्ज लिहायचा.

कामठीचे बाण चार, चार स्वभावांचे.
एक डावीकडे जातो.
मामा त्याला डावऱ्या म्हणतो
आणि थोडा उजवीकडे धरतो, भांडत नाही.
बरूची काडी, मोराचं पीस,
टोक धडगावच्या लोहाराने
ट्रकच्या मोडक्या पाट्यातून काढलेलं.

सर सांगतात, बोटं हनुवटीखाली, अंगठा गळ्याशी.
मामा हसला.
अंगठ्याचं आम्हाला
कुणी फार शिकवू नये.

मामी म्हणाली, दोन्ही ठेवा, डबा वाजवा.
नाकेदार आला तर कामठीला लिहील हत्यार
आणि तुझ्याला खेळाचं साहित्य.
भेकराला त्याची वही वाचता येत नाही.

मी सतरा नंबर घेतलं.
कारण नेमाचं नव्हतं.
मामाने एकदा बघावं, एवढंच.

चंद्र उशिरा आला.
नाल्यात भेकर कुत्र्यासारखं भुंकलं, मग गप्प.
मग वारा नसलेल्या जागी भगर हलली.
वीस पावलं. मीटर किती होतात
ते मी अजून करतच होते, हाताने ओढलंही होतं.
दोरी नाकाला. टोक पत्र्याच्या पट्टीखालून
सरकत सरकत
टक्.

मैदानात मी याचीच वाट बघते.
तो मला म्हणतो, सोड.
भेकराला म्हणाला, पळ.
पण ते आधी थांबलं.
मान वर, ओलं नाक, दोन कान,
दोन्ही माझ्याकडे वळलेले.
मी सोडलं नाही.
सोडता आलं असतं असं मामाला वाटतं.
मलाही, कधी कधी.

"तुझं धनुष्य बोलतं," तो म्हणाला.
तक्रार नव्हती त्यात.
मग स्वतःची कामठी उचलून
रिकाम्या शेतावर पूर्ण ओढून दाखवली.
बांबू गप्प.
खांदा मात्र कुरकुरला, मला ऐकू येईल इतका.
"आता माझंही बोलायला लागलंय."
तिथून पहाटेपर्यंत आम्ही भाजलेले हरभरे खाल्ले.
भेकराने पलीकडच्या वाफ्यातली भगर.

जानेवारीत विभागीय स्पर्धा.
सत्तर मीटर, पिवळं वर्तुळ, मागे सर.
ओढते. टक्.
पिवळ्यातून दोन कान वर येतात.
मी एक श्वास थांबते.
सरांच्या वहीत माझ्या नावापुढे
रोज तारखेसकट एकच शेरा:
उशीर.